विद्यार्थ्यांच्या हाती नेमकं काय द्यावं?

प्रश्न: आमची ठिबक संच बसवून देणारी छोटी कंपनी आहे. कृषी महाविद्यालयातले चार विद्यार्थी एका सत्रासाठी प्रकल्प व्यवस्थापन शिकायला येणार आहेत. त्यांना कोणतं काम द्यावं?

उत्तर: अख्खा प्रकल्प सोपवू नका, नुसत्या फायली लावायलाही बसवू नका. सत्र परीक्षेला संपतं, पीक संपत नाही. म्हणून सत्रातच तडीस जाईल असं काम निवडा. मी तरी बसवलेल्या संचाची तपासणी देईन. चार लॅटरल (पिकाच्या ओळीने जाणाऱ्या ठिबकच्या बारीक नळ्या), प्रत्येकीवर सुरुवातीचा, एक तृतीयांशावरचा, दोन तृतीयांशावरचा आणि शेवटचा असे सोळा ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं. प्रत्येकाखाली भांडं, सारखाच वेळ, मग मोजपात्र. सर्वांत कमी पाणी देणाऱ्या चार ड्रिपरच्या सरासरीला सोळांच्या सरासरीने भागा आणि शंभराने गुणा; पाणी सगळीकडे किती सारखं पडतंय ते कळेल. 90 टक्क्यांच्या वर असेल तर छान. 70 च्या खाली गेलं तर फिल्टर, दाब, चोंदलेले ड्रिपर तपासायला लागा.

यात व्यवस्थापन कुठे, असं प्राध्यापक विचारतील. शेतकऱ्याची पाण्याची पाळी कधी, भांडी कोण आणणार, पंप बिघडला तर पुढचा दिवस कोणता, दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खाती, हेच की! गँट तक्ता, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, त्यांनाच आखू द्या आणि दर आठवड्याला तो त्यांच्याकडूनच खोडून घ्या. पहिल्या आठवड्यातला तक्ता सहसा फार सुबक असतो.

प्रवासखर्च, विमा आणि आकडेवारी कोणाची, हे आधीच लेखी ठरवा. तुमच्याकडून उत्तरं द्यायला एकच माणूस नेमा. शेतकऱ्याची परवानगी मात्र तुम्ही स्वतः घ्या, विद्यार्थ्यांवर ढकलू नका.