कॅलेंडुलाचं तेल पहिल्यांदाच करताय?

कॅलेंडुलापासून (झेंडूसारख्या दिसणाऱ्या औषधी फुलापासून) सुरुवात करताय, ही निवड उत्तम आहे. अर्क, मलम, काढा हे सगळं नंतर. आधी फक्त तेल करा, म्हणजे वाळवलेली फुलं तेलात मुरवा, तेही एका छोट्या बरणीभरच.

पहिल्यांदा फूल नीट ओळखा. कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस आणि नेहमीचा झेंडू (टॅजेटिस) एकाच कुळातले असले तरी झाडं वेगळी. कॅलेंडुलाचं पान साधं, अखंड असतं; झेंडूचं पिसासारखं विभागलेलं आणि चुरडलं की उग्र वासाचं.

सगळ्यात जास्त बरण्या बिघडतात त्या ओलाव्यामुळे. पाकळ्या लवकर वाळतात आणि आपण फसतो, कारण खालच्या हिरव्या बोंडात पाणी राहिलेलं असतं. पण म्हणून बोंड काढून टाकू नका हं! बोटांना चिकटणारी राळ मुख्यतः तिथेच असते आणि तीच तर हवी आहे. बोंड कटकन मोडेपर्यंत सावलीत, हवेशीर जागी वाळवा.

एवढं सांभाळा:
- फुलं तेलात पूर्ण बुडलेली हवीत, वर राहिलेल्या भागाला बुरशी धरते.
- ४ ते ६ आठवड्यांनी गाळा. बरणीवर तारीख लिहाच.
- आधी मनगटावर थेंबभर लावून २४ तास बघा. शेवंती किंवा कॅमोमाइलची अॅलर्जी असेल तर वापरू नका.

परंपरेने हे तेल कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेला लावतात. खोल किंवा चिघळलेल्या जखमेवर नको, तिथे डॉक्टरच. गरोदरपणात कॅलेंडुला पोटातून घेऊ नये.

बोंड वाळलंय की नाही अशी शंका आली, तर आणखी दोन दिवस ठेवा.