चौथ्या फुलावर फोकस लाव

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं आणि मैत्रिणीच्या उन्हाळी घराच्या बागेतले फोटोही. दोन दिवसांत चौदाशे फोटो काढलेस, बाराशे पुसून टाकलेस आणि आता विचारतेस, अगदी जवळून फोटो काढायची नवी मॅक्रो लेन्स घेऊ का. उरलेले दोनशे मी दोनदा पाहिले. लेन्सचा इथे काही संबंध नाही. जवळजवळ प्रत्येक फोटोत मधमाशीची पाठ आहे. निघून जाणाऱ्याची पाठच दिसते, आणि ती निघून जातेय कारण तू तिच्यामागे धावते आहेस.

धावू नकोस. एका झाडापाशी बस.

तुझ्या एका फोटोत मागे, धूसर, फॉक्सग्लोव्हचा उंच जांभळा दांडा दिसतो. त्याच्याकडे तू वळूनही पाहिलं नाहीस, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्याची फुलं खालून वर उमलत जातात. खालची आधी उमललेली असतात, त्यांचे पराग देऊन झालेले असतात, आता ती पराग घ्यायला तयार असतात आणि मकरंदही त्यांच्यातच जास्त असतो. वरच्या ताज्या फुलांमध्ये पराग असतात. बंबलबी, म्हणजे मधमाशीची ती जाडजूड, केसाळ नातलग, बहुतेक वेळा तळाच्या फुलापासून सुरुवात करते, एकेक फूल करत वर चढते आणि मकरंद कमी पडू लागला की उडून शेजारच्या दांड्याच्या तळाशी जाते. अंगाला लागलेले वरचे पराग असे आपोआप दुसऱ्या झाडाच्या खालच्या फुलांना पोचतात. यात तुझ्या कामाचं काय आहे, कळलं ना? पुढच्या अर्ध्या मिनिटात ती कुठे असेल, हे तुला आधीच सांगता येतं! ती पहिल्या फुलात शिरली की तू चौथ्या फुलाच्या ओठावर फोकस लावून ठेव. ऑटोफोकस बंद. कधी ती चौथं फूल गाळेल. गाळू दे, ती परत येईल, किंवा दुसरी येईल. तू बसून राहा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटत असेल, तर लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक करूनही जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोली स्पष्ट येते, म्हणून तो मिलिमीटर डोळ्यावर खर्च कर. पंख गोठवण्याचा हट्ट सोड. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हलतात, ते धूसर आले तर खरेच दिसतात. आणि तुझी सावली फुलावर पडणार नाही अशा बाजूला बस. तुझे निम्मे कीटक सावलीनेच उठले असणार.

बसल्यावर काय दिसतं ते ऐक. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. ॲरिस्टॉटलनेही हे टिपून ठेवलं आहे. म्हणजे लॅव्हेंडरवरून उठलेली माशी बहुतेक लॅव्हेंडरवरच उतरणार, मग कशाला पळायचं? एखादी माशी फुलावर फार वेळ हललीच नाही, तर पाकळीखाली बघ. तिथे पाकळीच्याच रंगाचा खेकडा-कोळी तिला धरून बसलेला असेल. आणि तू 'मधमाशी' म्हणून पाठवलेल्या तीन फोटोंत मधमाशी नाहीच, होव्हरफ्लाय आहे, मधमाशीसारखी दिसणारी साधी माशी. आखूड मिशा, मोठाले डोळे, पंखांची एकच जोडी. दहा मिनिटं एका जागी बसली असतीस तर तुझं तुलाच कळलं असतं.

मी इतकी चिडते आहे, कारण तुझ्या वयात मी याहून वाईट केलं आहे. धावून काही मिळेना, तेव्हा मी एक माशी डबीत पकडली, फ्रिजमध्ये ठेवून बधिर केली आणि फुलावर मांडून फोटो काढला. केस न् केस स्पष्ट. तो प्रदर्शनात लागला, लोकांनी फार कौतुक केलं. एक म्हातारे मधपाळ मात्र त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ''ही बसलेली नाही, ठेवलेली आहे.'' पाय आखडलेले, सोंड आत. त्यांना ते एका नजरेत दिसलं. ती माशी नंतर उडाली की नाही, हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर मी एकही कीटक हाताने हलवलेला नाही.

माझी माणसं म्हणतात, हिने कितीतरी उन्हाळे एका लॅव्हेंडरच्या रांगेपाशी घालवले, जगात एवढं पाहण्यासारखं असताना. म्हणू देत. त्या रांगेत कुठल्या टोकाला आधी ऊन येतं आणि कोण किती वाजता तिथे उतरतं, हे मला ठाऊक आहे, आणि माझे जे पाच-सहा फोटो मी अजून भिंतीवरून काढले नाहीत ते सगळे तिथलेच आहेत. मी काही गमावलं, असं मला वाटत नाही.

तासभर एका जागी बसले तर मैत्रीण काय म्हणेल, असं विचारतेस. तिलाही बसव. बाग तिची आहे. कुठल्या वाफ्याला कधी पाणी दिलं ते तिला विचार. तहानलेल्या झाडाला मकरंद कमी सुटतो, तिथे बसून उपयोग नाही. हे विचारायचं मला माझ्या मैत्रिणीच्या बागेत कधी सुचलं नाही. तिथे मी फक्त फोटो काढले. आता ती बागही नाही आणि विचारायला तीही नाही.

उद्या उन्हं कलली की लॅव्हेंडरच्या काड्या जवळून बघ. पोळं न करता एकट्या राहणाऱ्या काही मधमाश्यांचे नर जबड्याने काडी घट्ट धरून तिथेच झोपतात आणि सकाळी ऊन लागून अंग तापेपर्यंत जागचे हलत नाहीत. जागा हेरून ठेव, उजाडायच्या आत ट्रायपॉड घेऊन जा. काडी तोडून उजेडात आणू नकोस, उजेड तिच्यापर्यंत येतो. आणि कितव्या काडीवर सापडला, ते मला लगेच कळव.

तुझी,
मावशी