पिकासाचा दांडा: आधी जाळ, मग तेल

पिकासाला, म्हणजे टिकावाला, दांडा नवा बसवलायस ना, मग पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरकून घे. आपल्या डिचोलीत जून लागला की हवाच ओली होते, आणि ओल घेतलेलं लाकूड वाळत नाही.

दुकानातल्या दांड्यावर व्हार्निश असतं. ते आधी काचेच्या तुकड्याने खरवडून काढ. जाळलंस तर विषारी धूर होतो. मग ब्लोलॅम्पची ज्योत सतत हलती ठेवून दांडा फिरवत राहा. रंग भाजलेल्या काजूसारखा तपकिरी झाला की थांब. कोळसा होऊ द्यायचा नाही, त्याने लाकडाची ताकद जाते. लोखंडाच्या नेढ्यात बसणारा भाग तर अजिबात भाजू नकोस, घाव तिथेच बसतो. नंतर काथ्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घास. मऊ भाग झिजून रेषा किंचित वर येतात आणि घामेजल्या हातातूनही दांडा निसटत नाही. मला तो स्पर्श फार आवडतो.

तेल जवसाचंच. घरात खोबरेल असतं म्हणून तेच चोळू नकोस, ते सुकत नाही. रंगाच्या दुकानातलं डबल बॉईल्ड जवस तेल आण, पातळ हात दे, 15-20 मिनिटांनी उरलेलं पुसून काढ. असे तीन हात, प्रत्येक आधीचा पुरता सुकल्यावर. टोकाच्या आडव्या कापाला जास्त पाज, पाणी तिथूनच शिरतं.

आणि तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. जवस सुकताना तापतं, फडकं आपोआप पेटतं. पाण्यात बुडव, नाहीतर अंगणात उघडं पसरून वाळव.