विंगरचा बॅक होताना

"पाय गेले म्हणून मागे सरकला, असंच म्हणणार ना लोक?" ऐरोलीहून आम्हा समुपदेशकांकडे आलेल्या ३१ वर्षांच्या फुटबॉलपटूने खुर्चीत बसता बसता टाकलेलं हे पहिलं वाक्य.

एके काळी उजव्या विंगवर, म्हणजे उजव्या कडेने हल्ला चढवणाऱ्याच्या जागेवर, त्याचा दरारा होता. संतोष ट्रॉफी खेळला, मग आय-लीग, त्यानंतर दोन सीझन वरच्या पातळीवर. २८व्या वर्षी उजव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) तुटलं. ऑपरेशन झालं, तेवढ्यात करारही संपला आणि नवा कोणी दिला नाही. तेव्हापासून खारघरच्या एका टर्फवर पोरांना शिकवत होता. आता जुन्या ओळखीतल्या एका कोचने निरोप धाडला होता : विंगर माझ्याकडे चार आहेत, राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) म्हणून तयार होऊन येत असशील तर ट्रायलला उभा करतो. ट्रायलला २४ आठवडे होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही काळजी एकट्या फुटबॉलवाल्यांची नाही. चढाई करणाऱ्या कबड्डीपटूला कोपऱ्यात उभं केलं की तोही असाच तोंड पाडून येतो. प्रत्येकाला उत्तर हवं असतं ते 'लोक काय म्हणतील' याचं. आम्ही तो विषय पहिल्या भेटीत बाजूला ठेवतो आणि तीन कागद मागतो.

पहिला कागद पैशांचा. घरखर्च महिन्याला ४२ हजार, बायकोच्या पगारात त्यातले २८ निघायचे, बाकीचे टर्फवरून. शिल्लक सगळी मिळून पाच महिने पुरेल इतकी. तो टर्फ सोडूनच द्यायच्या विचारात होता, कारण 'पूर्ण वेळ दिला तरच होईल'. आम्ही याला साफ विरोध केला. घरात पैसे संपत आले की माणूस दुखरा गुडघा लपवून खेळतो. सहा दिवसांच्या बॅचेस तीन दिवसांवर आणायच्या, शनिवारची मोठी बॅच ठेवायची, असं ठरलं.

दुसरा कागद गुडघ्याचा. 'डॉक्टर म्हणाले ठीक आहे' हे चालत नाही, आकडे लागतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद आणि एका पायावरच्या उडीचं अंतर, दोन्हींत ऑपरेशन झालेला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरायला हवा. त्याचा उडीतला आकडा ८४ आला. म्हणजे पहिले सहा आठवडे ताकदीचे, चेंडू फक्त पासिंगपुरता.

इथे एक गैरसमज खोडावा लागतो. बॅकला कमी पळावं लागतं, तेव्हा गुडघ्याला आराम, असं तोही धरून चालला होता. विंगर बहुतेक वेळा आपल्या मर्जीने सुटतो. कधी पळायचं, कुठे वळायचं हे त्याचं त्याला आधी ठाऊक असतं. बॅक समोरच्याच्या मर्जीने पळतो. उलटं सरकायचं, अचानक थांबायचं, समोरच्याने अंग हलवलं की त्या क्षणी वळून मागे धावायचं. एसीएलला जड जातं ते हेच, अचानक ब्रेक मारणं आणि अनपेक्षित वळणं. सरळ धावण्याने तेवढं बिघडत नाही.

तिसरा कागद थांबायच्या अटींचा, आणि सगळ्यांत जास्त कुरकुर यावरच होते. 'सुरू करायच्या आधीच थांबायचं कशाला लिहायचं?' कारण विसाव्या आठवड्यात मन वकिली करायला लागतं. त्याच्या कागदावर तीन अटी आल्या. गुडघा सलग दोन सकाळी सुजलेला दिसला तर सराव बंद आणि फिजिओकडे. आठव्या आठवड्याला ९० टक्के नाही भरले तर ट्रायल पुढच्या सीझनला. शिल्लक दोन महिन्यांच्या खाली आली तर प्रयत्न थांबवायचा. खाली त्याची सही, शेजारी बायकोची.

आठव्या आठवड्याला आकडा ९२ आला आणि खरा अवघड भाग सुरू झाला.

विंगरच्या अंगात एक सवय मुरलेली असते : चेंडू दिसला की त्यावर झडप घालायची. पुढे ती चालते, फसली तर मागे बॅक असतो. बॅक स्वतःच फसला तर मागे गोलकीपर. म्हणून समोरच्या विंगरकडे चेंडू जात असताना जोरात पळायचं, पण तीन-चार मीटरवर आलं की पावलं बारीक करायची, अंग तिरकं करायचं, हाताच्या अंतरापेक्षा थोडं लांब थांबायचं आणि त्याला लाइनकडे ढकलत न्यायचं. पाय घालायचा नाही. पहिल्या दोन सराव सामन्यांत आमच्या खेळाडूने अकरा वेळा पाय घातला आणि आठ वेळा मागे राहिला.

दुसरी खोड नजरेची. चेंडू डाव्या बाजूला असताना राइट बॅकने आत सरकून चेंडू आणि आपला माणूस दोन्ही दिसतील असं उभं राहायचं आणि दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे बघायचं. गोलच्या लांबच्या खांबावर डोक्याने होणारे कितीतरी गोल बॅक चेंडू बघत राहिल्यामुळे होतात. यासाठी त्याने साधा सराव केला : मागे मित्र उभा, तो बोटं दाखवणार, पास पायात यायच्या आधी मागे बघून बोटांचा आकडा मोठ्याने सांगायचा. बारा पासचा एक सेट, असे चार. पहिल्या दिवशी ४८ पैकी १९ आकडे बरोबर आले.

हे सगळं कोचही शिकवेल, मग समुपदेशकाचं काम काय? हिशेब. विंगर दहा वेळा चेंडू घालवतो, अकराव्यांदा क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) बसतो आणि लोक त्या एकासाठी त्याला डोक्यावर घेतात. बॅक दहा वेळा अडवतो, कुणी बघत नाही. अकराव्यांदा चुकतो आणि गोल होतो. बारा वर्षं पहिल्या हिशेबावर वाढलेल्या माणसाला दुसऱ्या हिशेबात रात्री झोप लागत नाही. चांगला खेळून आला तरी तो म्हणायचा, "आज काही झालंच नाही." आम्ही त्याला मोजायला तीन गोष्टी दिल्या : समोरच्याचे किती क्रॉस अडवले, चेंडू येण्याआधी किती वेळा मागे पाहिलं, किती वेळा बोललो. बाकी काही वहीत लिहायचं नाही. टाळ्यांचा, कौतुकाचा रकानाच नको.

तिसऱ्या आकड्यात अनपेक्षित गोष्ट सापडली. नेरुळच्या टर्फवरच्या एका सराव सामन्यात गोलजाळीच्या मागे उंचावर फोन लावला होता. उंचावर अशासाठी, की बॅकमधली अंतरं खालून कळत नाहीत. रेकॉर्डिंग ऐकलं तर अर्ध्या तासात त्याचा आवाज तीनदा आला. त्यातले दोन 'सॉरी' होते.

विंगरला न बोलता चालतं. त्याने हात वर केला की पुरे. बॅकचं अर्धं काम तोंडाचं असतं : मधल्या बॅकला 'ड्रॉप' (मागे सरक), पुढच्या विंगरला 'परत ये', चेंडू घेणाऱ्याला 'मॅन ऑन' (मागे माणूस आहे) किंवा 'टाइम' (वेळ आहे). हा गप्प का, तर त्याच्याच शब्दांत, "तीन वर्षं घरी बसलेला मी. विशीतल्या पोरांवर कोणत्या तोंडाने ओरडू?" जोडीला धास्ती होतीच की ओरडलो आणि चुकीचं निघालं तर सगळ्यांसमोर हसं होईल. लोक हसतील हा पहिल्या दिवशीचा प्रश्न इथे होता. गॅलरीतल्या लोकांचा संबंधच नव्हता. तो संघातल्या पोरांना घाबरत होता.

यावर पायऱ्या लावल्या. पहिला आठवडा घरात : टीव्हीवर मॅच लावायची, एका संघाचा राइट बॅक धरायचा आणि त्याच्या वतीने मोठ्याने ओरडायचं, चेंडू पोहोचायच्या आधी. (शेजाऱ्यांनी एकदा बेल वाजवली.) दुसरा आठवडा टर्फवरच्या पोरांच्या बॅचमध्ये. तिसऱ्या आठवड्यापासून सामन्यात, पहिल्या दहा मिनिटांत दहा हाका. नियम असा की नाव आधी, काम नंतर, तिसरा शब्द नाही. आणि चुकीची हाक चूक धरायची नाही, गप्प राहिलेला प्रसंग मोजायचा. चौदाव्या आठवड्यात अर्ध्या तासात २७ हाका भरल्या. त्यांतल्या चार चुकीच्या. कुणी हसलं नाही, एक जण उलट ओरडला, आणि मैदानावर ते रोजचंच असतं.

चुकीनंतरचे दहा सेकंदही ठरवून ठेवावे लागतात. त्याने ठरवलं : लांब श्वास सोडायचा, एक मोजा वर ओढायचा आणि पुढचं काम तोंडाने म्हणायचं, 'माणूस कुठाय'. श्वास घेण्याऐवजी सोडण्यावर भर, कारण सावकाश उच्छ्वासाने धडधड उतरते. मोजा ओढण्यात जादू काही नाही. हाताला काम मिळालं की तो डोक्याला लागत नाही, एवढंच.

दहाव्या-अकराव्या आठवड्यात गाडं अडलं. सरावात सगळं जमायचं, सामन्यात साठाव्या मिनिटानंतर तो चेंडू घेऊन पुढे पळत सुटायचा आणि मागची जागा उघडी पडायची. दमल्यावर जुनी सवय वर येते. नवं कौशल्य ताज्या पायांनीच घोटलं तर दमल्यावर सापडत नाही. म्हणून अडवण्याचा सराव सत्राच्या शेवटीही ठेवला, पण दोनच सेट. दमलेल्या पायाने वळणं घेणं हे एसीएलवाल्यासाठी जोखमीचं आणि फिजिओने तेवढंच मान्य केलं.

या काळात मोबाइलवर दाखल्यांचा पाऊस पडत होता. मित्र म्हणाले, छेत्री नाही का परत आला? सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध निवृत्त झाला, मार्च २०२५ मध्ये परतला आणि मालदीवविरुद्ध गोलही केला, खरंच आहे. पण मधल्या काळात तो बेंगळुरू एफसीकडून खेळतच होता, आणि परतला तो आपल्या जागेवर. मेहुण्याने उलट टोकाची क्लिप पाठवली : अमेरिकन फुटबॉलमधला टिम टीबो, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार २००७ मध्ये जिंकलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्याला टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि समोरच्यांना अडवणारा) म्हणून घेतलं आणि सीझनपूर्व एका सामन्यानंतर ऑगस्टमध्ये सोडूनही दिलं. तो खेळ वेगळा, पण दुखणं ओळखीचं : नव्या जागेला ब्लॉकिंग, म्हणजे अंगाने अडवणं, लागतं आणि क्वार्टरबॅकला ते फारसं करावं लागलेलं नसतं. आमच्या मते यांपेक्षा जवळचा दाखला अँटोनियो व्हॅलेन्सियाचा. मँचेस्टर युनायटेडच्या या विंगरने २०१२-१३ मध्ये मानाची ७ नंबरची जर्सी घेतली, सीझन फसला, पुढच्या वर्षी तो आपल्या २५ नंबरवर परत गेला आणि त्यानंतर राइट बॅक म्हणून कायमचा रुळला, पुढे कर्णधारही झाला.

घरात एक गाठ राहिली होती. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून निवृत्त झालेले, मुलाच्या गोलांची कात्रणं त्यांनी फायलीत लावलेली. तो बॅक खेळतो म्हटल्यावर त्यांनी मॅचला येणं सोडलं. त्यांना एकदा सोबत बोलावलं. 'प्रोत्साहन द्या' वगैरे सांगितलं नाही. वही दिली आणि काम सांगितलं : कठड्याशी बसून उजव्या बाजूने आलेले क्रॉस मोजायचे. चौथ्या सामन्याच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं, 'पहिला हाफ : आत आले २, अडवले ५. समोरचा ११ नंबर ५०व्या मिनिटाला बाजू बदलून गेला.' समोरच्या विंगरला बाजू बदलावी लागली हे मुलाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

ट्रायल तीन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी एक गोल त्याच्याच बाजूने झाला, लांबच्या खांबावर, मागे न पाहिल्यामुळे. त्याने मोजा ओढला. तिसऱ्या दिवशी कोचने त्याला थांबवून घेतलं.

करार दहा महिन्यांचा आहे, रक्कम जुन्या कराराच्या निम्म्याहून कमी. सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या : सामन्यात किंवा सरावात गुडघा दुखावला तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि दुखापतीच्या काळात पगार किती महिने चालू राहील. पहिलं मिळालं, दुसरं दोन महिन्यांवर अडलंय. शनिवारची बॅच एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेली. आता तिसरा कागद नव्याने लिहायला घेतला आहे. किती सीझन खेळायचं यावर तो दोन म्हणतो, बायको एक, आणि ती ओळ अजून कोरी आहे.