गाजर गवत कापू नका, फुलाआधी उपटा

बंगल्यामागच्या अर्धा गुंठा मोकळ्या जागेत गाजर गवत माजलंय, माळी दर महिन्याला विळ्याने कापून जातो तरी परत येतं, मग मीठ मारू की तणनाशक, असं तुम्ही विचारलंय. आधी ते कापणं बंद करा. बुडखा जमिनीत राहिला की त्यातून चार-पाच फुटवे निघतात आणि वीतभर उंचीवरच फुलतात. एक मोठं झाड पंधरा-वीस हजार बिया सहज टाकतं. म्हणजे तुमची खरी लढाई मातीतल्या बियांशी आहे.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पहिली पांढरी फुलं दिसतात. त्यामुळे दर तीन आठवड्यांनी एक फेरी मारायचीच. जिथे पाणी पडतं तिथे उन्हाळ्यातही, कारण ओल मिळाली की हे बाराही महिने उगवतं. पाऊस पडून गेल्यावर किंवा आदल्या संध्याकाळी पाणी देऊन मग उपटा. कोरड्या जमिनीत ते मानेशी तुटतं आणि सोटमूळ खालीच राहतं. अशा वेळी खुरप्याचं टोक बाजूने तिरपं घालून मुळासकट उचकटा. लहानपणी पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, तेव्हाच काढणं सर्वांत सोपं. झेंडूच्या रोपाशी गल्लत होत असेल तर खोड बघा: झेंडूची पानं समोरासमोर जोडीने येतात, गाजर गवताची एकाआड एक.

रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि फुलं आली असतील तर मास्क, यात हयगय नको. याने अंगावर येणारी खाज आणि चट्टे पुढेपुढे थोड्याशा स्पर्शानेही उठतात. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना या कामापासून लांबच ठेवा.

फुलाआधी उपटलेलं खुशाल कंपोस्टमध्ये टाका. फुललेल्या झाडाचे शेंडे मात्र आधी पिशवीत धरून कापा, मग झाड उपटा. पिशवी घट्ट बांधून वेगळी ठेवा, कंपोस्टात नको. घरगुती ढीग बिया मरण्याइतका तापत नाही. जाळूही नका.

मिठाचं पाणी (लिटरला १५० ते २०० ग्रॅम) फवारलं तर पानं करपतात, हे खरं. पण ते मीठ मातीतच राहतं आणि तुमच्या काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीत पुढे दुसरं काही धड वाढत नाही. बागेत ते नकोच. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर सरकारने २०२२ मध्ये निर्बंध आणले, फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांकडूनच करून घ्यायची असं ठरवलं. शिवाय मातीतल्या बियांना त्याने काहीच होत नाही आणि वाऱ्याने उडालेला थेंब गुलाबावर पडला तर गुलाब गेला.

बियांचा साठा असा संपवा: मे महिन्यात जागा दोन-तीनदा भिजवा, रोपं उगवली की वरची बोटभर मातीच खुरपून काढा. खोल खणू नका, खालच्या बिया वर येतात. हे दोनदा केलं की पहिल्या पावसावर दाट ताग पेरा. अर्ध्या गुंठ्याला अर्धा किलो बी लागेल. ताग कंबरेच्या वर गेला की सावलीत नवीन रोपं दबतात. फुलावर आला की कापून तिथेच अंथरा. टाकळाही हेच काम करतो आणि कोवळ्या पानांची भाजी होते, पण शेंगा वाळण्याआधी काढा, नाहीतर तोच पसरेल. उघडी जमीन ठेवली तर सगळी मेहनत फुकट. पेरायचं नसेल तर पुठ्ठे अंथरून वर वीतभर पालापाचोळा टाका.

पावसाळ्यात पानांवर फिकट, तपकिरी पट्ट्यांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. तो मेक्सिकन भुंगेरा, गाजर गवताची पानं खाऊन ते आटोक्यात ठेवण्यासाठी १९८०च्या दशकात भारतात आणलेला. मात्र एवढ्याशा जागेत त्याच्या भरवशावर राहू नका.

यंदा शेणखत किंवा माती कुठून आणलीत तेही तपासा. अर्धवट कुजलेल्या खतातून बी येतं. नवीन गाडी आली की ढिगावर पाणी मारून पंधरा दिवस थांबा, उगवेल ते उपटा, मगच वाफ्यात पसरा. कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडेची झाडंही फुलायच्या आत काढा, नाहीतर दर पावसाळ्यात बी आत येतच राहील.