खुराड्यातलं तूस मिरचीला कसं घालावं?

प्रश्न : आमच्या चाळीसेक गावठी कोंबड्या आहेत. खुराड्यात भाताचं तूस पसरतो. ते काढून मिरचीच्या वाफ्यात घातलं, तर पानं कडेने करपली. आता ढीग केलाय, पण वासाने डोळे चुरचुरतात. त्यावर चुना मारू का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : दादा, चुना अजिबात मारू नका. डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया, म्हणजे तुमच्या खतातला नत्र हवेत चाललाय. चुन्याने तो आणखी जोरात उडतो. मिरचीची मुळं भाजली तीही या अमोनियाने आणि विष्ठेतल्या क्षारांनी. बुंध्यालगतचं तूस मागे ओढा आणि वाफ्याला भरपूर पाणी द्या.

ढिगाला हवाय पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पानं. तुसात सिलिका असते, ते लवकर कुजत नाही, त्यामुळे नत्र धरून ठेवायला एकटं पुरत नाही. या दिवसांत आंबा-काजूखाली पातेऱ्याचा खच असतो आणि लोक तो पेटवून देतात. मला ते बघवत नाही. एक घमेलं तूस, त्यावर दोन घमेली चुरडलेला पातेरा, वर पाण्याचा शिडकावा, असे थर द्या. मूठ दाबली की हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये.

ढीग लांबी-रुंदी-उंचीला किमान तीन फूट असू द्या; लहान ढीग तापत नाही. चार-पाच दिवसांनी मधोमध पहार खुपसून ठेवा. थोड्या वेळाने काढल्यावर हातात धरवत नसेल तर काम बरोबर चाललंय. आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता हवी, तेव्हाच साल्मोनेलासारखे जंतू मरतात. ती उतरू लागली की कडेचा माल आत जाईल असा ढीग उलटा. उलटूनही तापेनासा झाला, की महिनाभर तसाच मुरू द्या. एकूण अडीच-तीन महिने धरा.

म्हणून आत्ताच सुरुवात करा, मृगाआधी खत हाताशी येईल. कच्चं खत पावसात उघडं राहिलं तर हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे त्यात अंडी घालतात आणि सत्त्वही वाहून जातं. जागा उंचावर, विहिरीपासून लांब निवडा, वर ताडपत्री घाला.

तयार खताला मातीचा वास येतो. मिरचीला रोपामागे एक ओंजळ पुरे. कोथिंबीर, माठ कच्चे खाणार असाल तर अर्धवट कुजलेलं मुळीच घालू नका. तूस मधूनमधून तसंच दिसेल. त्याने अडत नाही, माती भुसभुशीत राहते.