एकाच मेल सर्व्हरवर तीन डोमेन : 'इन्फो'ची सरमिसळ का होते आणि ती कशी थांबवायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स आणि लॉगिन सांभाळणारा) यांचा एक छोटा सर्व्हर आहे, त्यावर अ.कॉम बरेच दिवस छान चालू आहे, आता ब.कॉम आणि क.कॉम पण तिथेच आणायचेत म्हणून तुम्ही ती दोन्ही नावं पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंगच्या फाईलमधल्या मायडेस्टिनेशनच्या ओळीत जोडली, आणि तेव्हापासून इन्फो@ब.कॉमला पाठवलेली मेल अ.कॉमच्या इन्फोवाल्याकडे जाऊन पडते. मग तीच नावं व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्समध्ये पण टाकून पाहिली, तर लॉगमध्ये एकच डोमेन दोन्हीकडे लिहू नका अशी वॉर्निंग येते आणि नवीन पत्त्यांवरची मेल 'युजर अननोन' म्हणून परत जाते. (पॅरामीटरची नावं मी देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाकायची.)

तुमचा सर्व्हर बिघडलेला नाही, तुम्ही सांगितलंय तेच तो करतोय. पोस्टफिक्स आलेला प्रत्येक पत्ता आधी डोमेन बघून एका वर्गात टाकतो: लोकल, व्हर्च्युअल अलायस (एका पत्त्याची मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळवणं), व्हर्च्युअल मेलबॉक्स (मागे युनिक्स युजर नसलेला स्वतंत्र बॉक्स), रिले (मेल घेऊन दुसऱ्या सर्व्हरला देणं), आणि यातलं काहीच नसेल तर बाहेरचं. मायडेस्टिनेशनमध्ये जे जे डोमेन आहे ते लोकल. आणि लोकल म्हणजे @ च्या पुढचा भाग डिलिव्हरीच्या वेळी टाकून द्यायचा, फक्त अलीकडचं नाव घ्यायचं आणि ते मशीनवरच्या युनिक्स युजरांमध्ये नाहीतर अलायसेस फाईलमध्ये शोधायचं. मशीनवर 'इन्फो' नावाचा युजर एकच असणार, मग तीनही डोमेनचे इन्फो त्याच्याकडेच जाणार. आणि डोमेन दोन्ही याद्यांत असेल तर मायडेस्टिनेशनचंच चालतं, व्हर्च्युअलचा तक्ता बघितलाच जात नाही, म्हणून तुम्ही तिथे टाकलेले नवीन पत्ते 'अननोन' ठरले. एक डोमेन एकाच वर्गात, एवढं पक्कं धरा, निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

आता वर्ग कुठला निवडायचा. ब.कॉमवर चारपाचच पत्ते असतील आणि त्यांची सगळी मेल आधीपासून असलेल्या बॉक्समध्येच वळवायची असेल तर व्हर्च्युअल अलायस पुरतं, स्वतंत्र मेलबॉक्स, पासवर्ड काही लागत नाही. पण तुम्हाला प्रत्येक डोमेनचा इन्फो वेगळा, त्याचा लॉगिन वेगळा असा हवाय, म्हणजे व्हर्च्युअल मेलबॉक्स. अलायस वापरून मेल बाहेरच्या एखाद्या फुकट खात्यावर ढकलायचा विचार असेल तर तो सोडाच, कारण फॉरवर्ड झालेल्या मेलचं एसपीएफ (या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवरून यावी ही तपासणी) पुढच्या सर्व्हरवर फेल होतं आणि तुमच्या आयपीवरून दुसऱ्यांचा स्पॅम पुढे जातो तो वेगळाच.

माझं स्पष्ट मत आहे की अ.कॉमला पण मायडेस्टिनेशनमधून बाहेर काढा आणि तीनही डोमेन व्हर्च्युअल करा, मायडेस्टिनेशनमध्ये फक्त मशीनचं स्वतःचं पूर्ण नाव आणि लोकलहोस्ट ठेवा. अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवलेला सर्व्हर सहा महिन्यांनी परत उघडला की काय कुठे आहे ते स्वतःलाच आठवत नाही. दुसरं म्हणजे युनिक्स युजर असलेल्या माणसाचा मेलचा पासवर्ड फुटला तर तोच एसएसएचचा (मशीनवर दुरून लॉगिन करायचा) पण असतो, व्हर्च्युअल खात्याच्या मागे शेलच (कमांड चालवायची सोय) नसतो. फक्त एक गोष्ट हमखास सुटते: क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) मेल रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, नावाने जातात आणि मायओरिजिनमध्ये (नुसत्या नावापुढे लावायचं डोमेन) अ.कॉम असेल तर त्या रूट@अ.कॉम होतात. अ.कॉम व्हर्च्युअल झालं की तो पत्ता अस्तित्वातच नसतो. म्हणून मायओरिजिन मशीनच्या नावावर आणा, किंवा रूट@अ.कॉमचा एक अलायस तुमच्या बॉक्सकडे करून टाका.

सगळ्या मेलबॉक्सेसचा मालक एकच युजर ठेवायचा, रिवाजाने त्याला व्हीमेल म्हणतात आणि यूआयडी (युजरचा नंबर) ५००० देतात, शेल द्यायचा नाही, आणि त्याच्या फोल्डरखाली आधी डोमेन, मग नाव, मग मेलडिर (प्रत्येक मेल वेगळ्या फाईलमध्ये ठेवणारं फोल्डर) अशी मांडणी. मेल तिथे पोचवायचे दोन मार्ग आहेत आणि नेटवरच्या बहुतेक गाईड्समध्ये ते दोन्ही एकमेकांत कालवलेले असतात, तिथे माणूस हमखास अडकतो. एक मार्ग पोस्टफिक्सचा स्वतःचा 'व्हर्च्युअल' एजंट, दुसरा डव्हकॉटचा एलएमटीपी, म्हणजे पोस्टफिक्सने मेल डव्हकॉटच्या हातात द्यायची. मी दुसराच घ्या म्हणेन, कारण सीव्ह फिल्टर (मेल आपोआप फोल्डरांत लावायचे नियम), कोटा (बॉक्सच्या जागेची मर्यादा), इंडेक्स सगळं डव्हकॉटच्या हातात राहतं. पण मग हे लक्षात घ्या की व्हर्च्युअल_मेलबॉक्स_बेस, व्हर्च्युअल_यूआयडी_मॅप्स, व्हर्च्युअल_मेलबॉक्स_लिमिट या ओळी फक्त पहिल्या मार्गासाठी आहेत, एलएमटीपी असताना त्यांचा काही उपयोग नाही. त्यात पाथ लिहून दोन दोन दिवस 'मेल इथे का येत नाही' म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. एलएमटीपी असेल तर व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्समध्ये पत्ता आहे की नाही एवढंच पोस्टफिक्स बघतो, उजवीकडे काहीतरी लिहावं लागतं पण काय लिहिलंय याला अर्थ नाही. पत्ता तिथे नसेल तर मेल दारातच नाकारली जाते, आणि तेच आपल्याला हवं असतं, कारण आधी घेऊन मग बाऊन्स (मेल पोचली नाही अशी सूचना) पाठवला की तो खोट्या सेंडरच्या नावाखाली भलत्याच माणसाकडे जातो. एलएमटीपीचं सॉकेट (दोन प्रोग्रॅम जिच्यातून बोलतात ती फाईल) पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या (त्याच्या कामाच्या फोल्डरमधल्या) प्रायव्हेट फोल्डरमध्ये हवं आणि मालक पोस्टफिक्स हवा, नाहीतर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसत राहील.

आणि इथे तुमच्या केसमध्ये खास बघायची जागा. डव्हकॉटमध्ये ऑथ_युजरनेम_फॉरमॅट अशी एक सेटिंग आहे. युनिक्स युजर वापरताना बऱ्याच जणांनी ती पर्सेंट एन किंवा पर्सेंट कॅपिटल-एल एन अशी ठेवलेली असते, म्हणजे डोमेन कापून फक्त नाव ठेव. ती तशीच राहिली तर पोस्टफिक्समध्ये सगळं बरोबर करून सुद्धा डव्हकॉट परत तीनही इन्फो एकत्र करेल आणि तुम्हाला वाटेल की काहीच बदललं नाही. तिथे पूर्ण पत्ता राहू दे, पर्सेंट कॅपिटल-एल यू. हे सगळं डव्हकॉट २.३ पर्यंतचं लिहितोय, २.४ मध्ये मेल_लोकेशनच (मेल कुठे ठेवायची ती सेटिंग) काढून टाकलंय आणि व्हेरिएबल लिहायची पद्धत पण बदललीय, त्यामुळे डव्हकॉटचं व्हर्जन बघितल्याशिवाय कुठलीही जुनी कॉन्फिग पेस्ट करू नका.

वीस-पंचवीस पत्त्यांसाठी डेटाबेस लावू नका. साधी टेक्स्ट फाईल पुरते, बदल केला की पोस्टमॅप (फाईलचा तक्ता बनवणारी कमांड) चालवायचं, ते विसरलं तर जुनाच तक्ता वापरला जातो एवढंच. मायएसक्यूएल तेव्हा घ्या जेव्हा खाती बनवायचं काम दुसऱ्या कोणाकडे पॅनेलमधून द्यायचं असेल.

कॅच-ऑलबद्दल (डोमेनच्या कुठल्याही पत्त्यावरची मेल एकाच बॉक्समध्ये घेणं) कळकळीने सांगतो. एका ओळखीच्या संस्थेच्या सर्व्हरवर मी व्हर्च्युअल_अलायस_मॅप्समध्ये @डोमेन अशी एक ओळ टाकली होती, हेतू हा की चुकीच्या स्पेलिंगच्या मेल पण एका बॉक्समध्ये जमा व्हाव्यात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन, कोणालाच मेल येत नाही. झालं असं की अलायसचा तक्ता मेलबॉक्सच्या आधी बघितला जातो, खऱ्या पत्त्यांची नावं त्यात नव्हती, त्यामुळे झाडून सगळी मेल त्या एका बॉक्समध्ये गेली आणि कोणाची खाजगी पत्रं भलत्याच माणसासमोर उघडी पडली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. कॅच-ऑल अगदीच हवं असेल तर प्रत्येक खरा पत्ता त्याच तक्त्यात स्वतःकडेच वळवून लिहावा लागतो. पण मी म्हणेन नकोच, अंदाजाने बनवलेल्या पत्त्यांवरचा सगळा स्पॅम पण तिथेच येतो. त्याऐवजी प्रत्येक डोमेनवर पोस्टमास्टर आणि अब्यूज (तक्रारींचा पत्ता) हे अलायस नक्की करा, पोस्टमास्टर तर आरएफसी ५३२१ या मेलच्या मानकाप्रमाणे सक्तीचाच आहे.

पाठवायच्या बाजूला एक भोक राहतं. ५८७ पोर्टवर (सबमिशन, म्हणजे क्लायंटकडून मेल पाठवायची जागा) लॉगिन केलेला ब.कॉमचा माणूस क.कॉमच्या नावाने मेल पाठवू शकतो, पोस्टफिक्स आपणहून अडवत नाही. एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्समध्ये कोणता पत्ता कोणाचा ते लिहा आणि सबमिशनच्या भागात रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच लावा. तीन वेगळ्या लोकांची डोमेन असतील तर हे ऐच्छिक समजू नका.

डीएनएसमध्ये तीनही डोमेनचा एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची ती नोंद) एकाच होस्टनेमकडे, उदाहरणार्थ मेल.अ.कॉम. एमएक्समध्ये आयपी चालत नाही आणि सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं नाव) पण नको. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) प्रत्येक डोमेनसाठी वेगळं लागतं हा गैरसमज आहे, आयपीचं एकच नाव, ते हेलोमधल्या (सर्व्हर जोडताना स्वतःचं सांगतो त्या) नावाशी जुळलं की झालं. सर्टिफिकेट पण मेल.अ.कॉमचंच पुरे, फक्त ब.कॉमवाल्यांना सुद्धा क्लायंटमध्ये सर्व्हर म्हणून तेच नाव टाकायला सांगा. एसपीएफ आणि डीकिम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) मात्र प्रत्येक डोमेनला स्वतंत्र. ब.कॉमच्या मेलवर अ.कॉमची डीकिम सही असली तर सही खरी ठरते पण डीमार्कच्या (एसपीएफ किंवा डीकिमचं डोमेन पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळतं का ते बघणारा नियम) जुळणीत ती धरली जात नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना डीमार्कसकट तिन्ही लागतात, तुम्ही लहान असलात तरी तिन्ही लावा.

बदल करताना आधी सॉफ्ट_बाऊन्स = यस करा, म्हणजे तुमची चूक झाली तरी कायमचा नकार न जाता तात्पुरता जातो आणि समोरचा सर्व्हर परत प्रयत्न करतो. मग पोस्टमॅप -क्यू ने एकेक पत्ता विचारा, डव्हकॉटच्या बाजूने डव्हअ‍ॅडम युजर आणि डव्हअ‍ॅडम ऑथ टेस्ट पूर्ण पत्त्याने चालवा, ही तीन उत्तरं बरोबर आली की मगच खरी मेल पाठवून बघा. सगळं जुळल्यावर सॉफ्ट_बाऊन्स काढायला विसरू नका, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर पाठवणाऱ्याला दिवसेंदिवस कळतच नाही की मेल पोचली नाही.

अ.कॉमच्या जुन्या लोकांचं तेवढं सांभाळा. त्यांचं लॉगिन आत्ता नुसतं 'इन्फो' असेल, ते पूर्ण पत्ता होणार. २.३ मध्ये ऑथ_डिफॉल्ट_रिअल्मला अ.कॉम दिलं तर नुसतं नाव टाकणाऱ्यांच्या पुढे डोमेन आपोआप लागतं आणि कोणाचा फोन, लॅपटॉप अडत नाही. त्यांची जुनी मेल होम फोल्डरमधून व्हीमेलकडे हलवताना एलएमटीपी थोडा वेळ बंद ठेवा, मेल पोस्टफिक्सच्या क्यूमध्ये थांबेल, डीफॉल्टने पाच दिवस थांबते, हरवत नाही. मेलडिर आतल्या, मेलचे ओळख-नंबर असलेल्या डव्हकॉट-यूआयडीलिस्ट फाईलसकट कॉपी करा, ती राहिली तर सगळ्या क्लायंटना सगळी मेल नवीन वाटते आणि पीओपी (मेल स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत) वापरणाऱ्यांकडे वर्षानुवर्षांची मेल दुसऱ्यांदा उतरते. कॉपी झाली की मालकी व्हीमेलच्या नावाने करा आणि मगच एलएमटीपी चालू करा. जुनी फोल्डरं महिनाभर तरी पुसू नका.